दसऱ्याच्या दिवशी मी तुला बाद केलं

संध्या,

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. काल प्रकाशचा फोन आला होता. येत्या रविवारी आपल्या मराठी मंडळाचे सगळे लोक तुझ्यासाठी हॉलमध्ये जमणार आहेत आणि तिथे मी दहा मिनिटं बोलावं, असं तुझ्या नवऱ्याचं म्हणणं आहे. नागपूरचं मेडिकल कॉलेज, इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात गेलेली तुझी वर्षं, दोन्ही मुली, ते सगळं दुसरं कोणीतरी सांगेल. मी सांगायचं आपल्या पिस्तुलांच्या शूटिंगचं. त्यातही त्याला एकच गोष्ट हवी आहे. दसऱ्याच्या मॅचमध्ये मी तुला कसं बाद केलं, आणि शेवटी तू ते कसं मान्य केलंस. तो म्हणाला, ‘यात तुम्हा दोघींचा मोठेपणा दिसतो.’ मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्याला टेकून बराच वेळ रडले.

कारण त्या गोष्टीत एक जागा मी गाळलेली आहे. प्रकाशला ती माहीत नाही, मंडळात कोणाला माहीत नाही, आणि कालपर्यंत मी समजत होते की तुलाही माहीत नव्हती. लोकांसमोर उभं राहायच्या आधी ती तुला सांगायला हवी. जिवंतपणी सांगायची संधी होती, ती मी घालवली.

सुरुवात तुझीच. तुझी धाकटी रीडिंग गावच्या क्रीडासंकुलात पोहायला जायची, आणि तिथल्या फळ्यावर तुला ती चिठ्ठी दिसली. रविवारी सकाळी, मागचा हॉल, प्रॅक्टिकल पिस्तूल, नवशिक्यांचं स्वागत. तू मला गणपतीच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये गाठलंस. मी मोदकांची यादी करत होते. ‘नीलू,’ तू म्हणालीस, ‘बाप्पा, वीस वर्षं पोळ्याच लाटून राहिलो आपण. चल, जरा गोळ्या झाडू.’ मला वाटलं तू थट्टा करतेस. पुढच्या रविवारी साडेआठला तू माझ्या दारात हॉर्न वाजवत उभी होतीस आणि मी अजून नाइटीत होते.

इंग्लंडमध्ये खऱ्या पिस्तुलांवर त्याच्या आठ-नऊ वर्षं आधीच बंदी आली होती, हेही तेव्हा आपल्याला धड माहीत नव्हतं. हॉलमध्ये होती ती गॅसवर चालणारी पिस्तुलं, भिजलेल्या साबुदाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे उडवणारी. दिसायला हुबेहूब खरी. क्लब चालवणारा कीथ हा निवृत्त पोस्टमन. बंदी आली तेव्हा त्याने आपली दोन पिस्तुलं स्वतः पोलीस स्टेशनवर नेऊन दिली होती. त्याबद्दल तो एकदाच बोलला, आणि परत कधी नाही. त्याचं एवढंच म्हणणं होतं की हातात काय आहे याला महत्त्व नाही. नियम खऱ्या पिस्तुलाचे, आणि जो ते पाळणार नाही त्याने घरी जावं.

पहिले चार रविवार आपण एकही छर्रा उडवला नाही, फक्त नियम शिकलो. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून लांब. नळी कायम समोरच्या भिंतीकडे, काही झालं तरी मागे वळवायची नाही. आणि सर्वांत मोठा नियम: रेंज ऑफिसरने, म्हणजे पंचाने, सांगितल्याशिवाय पिस्तुलाला हात लावायचा नाही. लावायचाच असेल तर कोपऱ्यात पट्टी चिकटवून आखलेल्या टेबलाशी जायचं. ते टेबल सोडून दुसरीकडे कुठेही हात लावलात, पिस्तूल रिकामं असो नाहीतर मोडकं, त्या दिवसापुरते तुम्ही बाद. तू जांभया देत होतीस. मी वहीत लिहून घेत होते. माझं कामच दुसऱ्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्राममधल्या चुका शोधण्याचं. मेडनहेडच्या ऑफिसात दिवसभर तेच करते, त्यामुळे इतके स्वच्छ नियम पाहून मला अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. तू म्हणालीस, ‘पुण्याच्या बाईला आणखी काय पाहिजे, पाटीच पाटी.’

खेळ सुरू झाला तेव्हा कळलं की यात नुसतं उभं राहून नेम धरणं नाहीच. पळायचं, वाकायचं, लाकडी चौकटीआडून डोकवायचं, पुठ्ठ्याच्या प्रत्येक टार्गेटवर दोन-दोन छर्रे मारायचे, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. प्रत्येक फेरीच्या, म्हणजे स्टेजच्या, आधी पाच मिनिटं रिकाम्या हातांनी फिरून रस्ता पाठ करायला मिळतो. दहा-बारा मोठी माणसं दोन्ही हात जोडून, तर्जनी पुढे काढून, पुटपुटत इकडून तिकडे फिरताहेत, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तू मोठ्याने विचारलंस, ‘आरती कधी सुरू होते?’ कोणाला कळलं नाही, पण आपण दोघी त्यानंतर सरळ उभ्याही राहू शकलो नाही.

तू वेगाची, मी नेमाची. टायमरची शिट्टी वाजली की तू निघायचीस ती थेट शेवटच्या टार्गेटपाशीच थांबायचीस, आणि वाटेतलं एखादं मारायचंच विसरायचीस. मी एकही सोडायचे नाही, पण मला इतका वेळ लागायचा की कीथ टायमर हलवून पाहायचा. यावरून आपलं दोन वर्षं भांडण चाललं. तू म्हणायचीस की ऑपरेशन थिएटरमध्ये माणूस निळा पडायला लागला की परफेक्टची वाट पाहायची नसते. मी म्हणायचे, माझा माणूस निळा पडणारच नाही. हे भांडण मिटलेलं नाही. अलीकडे मला वाटायला लागलं आहे की तू बरोबर होतीस, पण तू समोर असतीस तर मी हे कबूल केलं नसतं.

एक गोष्ट मात्र आपण दोघींनी न भांडता ठरवली. पिस्तूल घेऊन ट्रेनने जायचं नाही. लंडनच्या ट्रेनमधल्या स्फोटांना तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन सावळ्या बायका, आणि बॅगेत पिस्तुलासारखं काहीतरी. पोलिसांना समजावून सांगण्याइतकं इंग्लिश आपल्याला येत होतं, पण तेवढा वेळ मिळेल का, याची खात्री नव्हती. म्हणून नेहमी गाडीने. बॅगा डिकीत, कुलूप लावून, आणि पुढच्या कप्प्यात कीथने सही करून दिलेलं क्लबचं पत्र. घरून निघताना मी दर वेळी ते पत्र आहे ना हे पाहायचे. तू हसायचीस, पण मी विसरले असते तर तूच विचारलं असतंस.

दुसऱ्या वर्षी मी रेंज ऑफिसरचा कोर्स केला. क्लब लहान, खेळणारेच आळीपाळीने पंच होत. तू मला पट्ट्याला अडकवायला भोंगा आणून देणार होतीस. असो.

आता दसरा.

सीझनची शेवटची मॅच नेमकी दसऱ्याच्या रविवारी आली. त्या मॅचनंतर वर्षभराचे गुण मोजून दोन बायका निवडायच्या होत्या, वसंतात बेल्जियमला होणाऱ्या स्पर्धेसाठी. आपल्यात खेळणाऱ्या बायकाच चार. पहिली जागा लिंडाची, तिला कोणीच हलवू शकत नव्हतं. दुसरी तुझी नाहीतर माझी. तू महिनाभर आधीपासून मुलींना बेल्जियमचं चॉकलेट कबूल करून बसली होतीस. मी कोणाला काही बोलले नव्हते, पण मला जायचं होतं, संध्या. चाळिशीपर्यंत मी कुठल्याही खेळात कुठेही निवडली गेले नव्हते. शाळेत लंगडीच्या संघातसुद्धा नाही.

तू रात्रभर ड्यूटी करून आली होतीस. मी तुला हॉस्पिटलच्या दारातूनच गाडीत घेतलं. वाटेत नागपूरहून तुझ्या आईंचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, शस्त्राला हळदकुंकू वाहिलंस का? तू म्हणालीस, वाहते. फोन ठेवून तू मला तुझ्या बाबांचं सांगितलंस. ते भंडाऱ्याला फौजदार होते. दसऱ्याला पाटावर रिव्हॉल्वर ठेवायचे आणि तू तबक धरायचीस. निवृत्त झाल्यावर रिव्हॉल्वर परत गेलं, तरी पाट मांडायचे आणि त्यावर नुसता कमरेचा पट्टा ठेवायचे. हे तू दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. मी म्हटलं, किती छान. मनात मी पहिल्या स्टेजचा रस्ता पाठ करत होते.

तीन स्टेज झाल्या, चहाची सुट्टी झाली. सगळे बाहेर उन्हात गेले. आतमध्ये भिंतीवर तोपर्यंतच्या निकालाचा कागद लावला होता. मी त्याच्यासमोर उभी होते. लिंडा पहिली, तू दुसरी, मी तिसरी. आपल्यातलं अंतर मी मोजलं. उरलेल्या एका स्टेजमध्ये भरून निघण्यासारखं ते नव्हतं.

मग मी मान वळवली. तू खुर्च्यांच्या मागे, खिडकीच्या कठड्यापाशी पाठमोरी होतीस. बॅग उघडलेली, पिस्तूल रुमालावर काढून ठेवलेलं, छर्ऱ्यांचं मॅगझिन नाही, गॅस नाही, आणि तू पर्समधल्या त्या लहानशा करंड्यातून कुंकू घेऊन त्याला लावत होतीस. पट्टीने आखलेलं टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला होतं. मी पुन्हा कागदाकडे पाहिलं. मग तुझ्याकडे चालत आले.

ती गाळलेली जागा हीच. मी कागद दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तो तू काय करतेस हे कळल्यावर.

मी म्हटलं, ‘संध्या, तू पिस्तुलाला हात लावलास.’

तू वळून हसलीस. ‘हो ना, आईला सांगितलं होतं मी. तुझं पण आण, त्याला पण लावून देते.’

‘मला कीथला सांगावं लागेल.’

तुला कळायला दोन-तीन सेकंद लागले. तू पिस्तूल रुमालात गुंडाळून परत बॅगेत ठेवलंस, एखादं झोपलेलं मूल ठेवावं तसं. कीथ आला. त्याने मला विचारलं, ‘आर यू शुअर, नीलिमा?’ मी हो म्हटलं. त्याने परत तेच विचारलं. मी परत हो म्हटलं. कीथ एक प्रश्न दोनदा विचारणारा माणूस नव्हता, आणि तरी तो परत का विचारतोय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बरं, मी नेहमीच इतकी कडक होते का? त्याच उन्हाळ्यात क्लबात नवीन आलेले ते निवृत्त शिक्षक चहाच्या टेबलावर पिस्तूल काढून शेजारच्याला दाखवत होते. मी पंच होते. मी हळूच जाऊन त्यांना सांगितलं की ते आत ठेवा, पुन्हा करू नका, आणि विषय संपवला. तू शेजारीच बिस्किट खात होतीस. तू मला कोपर मारून म्हणालीस, पुण्याच्या माणसाला दयाही येते म्हणायची. त्या शिक्षकांच्या आणि माझ्यामध्ये कसलीच स्पर्धा नव्हती.

तुला घरी मलाच सोडायचं होतं. पाऊण तासाचा रस्ता. तू एकदाच बोललीस. ‘नीलू, ते पिस्तूल खेळणं आहे. माझी पूजा खरी होती.’ मी म्हटलं की नियम खरा आहे, आणि मी मैत्रिणीसाठी वाकवला तर मला पंच कोण म्हणेल. किती सुंदर बोलले मी. तू डोळे मिटून बसलीस. तुझ्या दारात गाडी थांबली तेव्हा तू डिकीतून बॅग काढलीस आणि थँक यू म्हणालीस. आपण एकमेकींना कधी थँक यू म्हणत नव्हतो.

त्यानंतर सहा महिने आपण धड बोललो नाही. मंडळात समोरासमोर आलो की तू हसायचीस, मुलींचं विचारलं तर सांगायचीस. क्लबात तू परत आलीच नाहीस. शिक्षकांची गोष्ट तू एकदाही काढली नाहीस. मी रोज तयारीत असायचे. तू म्हणशील, त्यांना कसं सोडलंस? आणि मी म्हणेन, तेव्हा साधी प्रॅक्टिस होती, ही मॅच होती. उत्तर माझ्याकडे घोटून ठेवलेलं होतं. तू विचारलंच नाहीस, त्यामुळे ते मला स्वतःलाच द्यावं लागलं, आणि मला ते पटलं नाही.

बेल्जियमला मी गेले. निघायच्या आदल्या दिवशी तुझा मेसेज आला, ऑल द बेस्ट, आणि खाली तुझं नाव. मी तिथे शेवटून तिसरी आले. वेळेत शेवटची. मुलींसाठी चॉकलेट आणलं होतं, ते फ्रीजमध्ये राहून पांढरं पडलं.

मे महिन्यात तुझा फोन आला. पहिलं वाक्य ‘नीलू, कशी आहेस’, दुसरं वाक्य ‘पॅन्क्रियासचं निघालं आहे, पसरलं आहे’. तू पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं मला सांगत होतीस, आणि मला रडू आल्यावर तू थोडा वेळ थांबलीस. मग म्हणालीस, गुरुवारी प्रकाशला ऑफिसला जावं लागतं, तू येशील का?

त्या गुरुवारांबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे तुला सांगितलं नव्हतं. माझ्यावर राग असताना तू मला जवळ बसू दिलंस. मी तुला मुगाचं पाणी करून आणायचे, तू दोन चमचे घ्यायचीस आणि मीठ कमी आहे म्हणायचीस. आपण सगळ्यावर बोललो. तुझ्या थोरलीच्या मराठीवर हसलो. ‘माझा आई झोपला आहे’ असं ती फोनवर कोणाला तरी सांगत होती आणि तू पोट धरून हसताना दुखतंय म्हणून रडलीस. फक्त त्या रविवारावर बोललो नाही. दर गुरुवारी मी ठरवून यायचे, आज सांगायचं. दर गुरुवारी तू दमलेली असायचीस, निदान मी तसं ठरवायचे.

शेवटच्या गुरुवारी तू हॉस्पिसमध्ये, शेवटच्या दिवसांच्या त्या शुश्रूषागृहात होतीस. त्या दिवशी तुझं डोकं अगदी स्वच्छ होतं. नर्स उशा नीट करून गेली आणि तू आपणहून विषय काढलास.

‘दसऱ्याचं बोलायचं आहे,’ तू म्हणालीस. ‘तू बरोबर होती, नीलू. थिएटरमध्ये कोणी माझ्यासाठी चेकलिस्ट सोडली असती तर मी त्याला बाहेर काढलं असतं. मी उगाच राग धरून राहिली.’

आणि मी काय केलं? मी म्हटलं, ‘जाऊ दे गं आता ते.’ तुझ्या पेल्यातली नळी वाकडी झाली होती, ती सरळ केली. मला हलकं वाटलं, हेही लिहून ठेवते. इतके महिने छातीवर असलेलं ओझं तू स्वतःच्या हाताने उचललंस, आणि मी उचलू दिलं. शनिवारी पहाटे प्रकाशचा फोन आला.

आज सकाळी मी कीथला फोन केला. रविवारी येशील का विचारायला, आणि खरं म्हणजे कोणाला तरी ते सांगायला. मराठीत सांगायचं धैर्य नव्हतं, म्हणून इंग्लिशमध्ये सांगितलं. कागद, दोनदा, सगळं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘शी न्यू, लव्ह.’ तिला माहीत होतं.

त्याने मला सांगितलं ते असं. मॅच संपल्यावर, मी बक्षिसांच्या टेबलाशी असताना, तो तुझ्याकडे आला होता. अपील कर म्हणाला. शिक्षकांची गोष्ट त्याच्या कानावर आली होती; एकाला सोडून दुसऱ्याला बाद करता येत नाही, कमिटीने तुझं ऐकलं असतं. तू नाही म्हणालीस. खिडकीच्या काचेत तुला मागचं दिसत होतं. तू त्याला सांगितलंस की तिने आधी कागद पाहिला. अपील केलं तर तिला ते सगळ्यांसमोर सांगावं लागेल. राहू दे. कीथ म्हणाला, इतक्या वर्षांत त्याने बरेच शूटर बाद केले, पण पंचाला वाचवणारी पहिलीच पाहिली.

म्हणजे पाऊण तास माझ्या शेजारी डोळे मिटून बसलीस तेव्हा तुला माहीत होतं. ऑल द बेस्ट लिहिलंस तेव्हा माहीत होतं. मुगाच्या पाण्यात मीठ कमी म्हणालीस तेव्हाही.

मी खूप चिडले आहे तुझ्यावर. एकदा तोंडावर बोलली असतीस तर मी भांडले असते, खोटं बोलले असते, मग रडले असते, आणि आपण मोकळ्या झालो असतो. इतकं सांभाळून घ्यायला तुला कोणी सांगितलं होतं? रविवारी मी सगळं सांगणार आहे, कागदासकट. मंडळातल्या बायका वर्षभर त्याच्यावर बोलतील, बोलू देत. प्रकाशला मोठेपणाची गोष्ट हवी आहे, ती त्याला मिळेल, फक्त दोघींची नाही.

पण सकाळपासून मी त्या गुरुवारीच अडकले आहे. ‘तू बरोबर होती’ असं म्हणून तू नजर काढून घेतली नव्हतीस, संध्या. तू माझ्याकडे बघत राहिलीस. मी नळी सरळ केली, पेला बाजूला ठेवला, पांघरूण ओढलं, तरी तू बघतच होतीस. मला वाटलं, थकली. मी म्हटलं, झोप आता. मग तू डोळे मिटलेस.

तू थकली नव्हतीस. तू माझ्या बोलण्याची वाट पाहत होतीस.